मेढ तिथे मांडव

“वैजे, मान खाली,” आई पुटपुटली.

मी गौरीहरापुढे बसले होते. पिवळं पातळ, कपाळाला मुंडावळ्या, समोर पितळेची इवलीशी अन्नपूर्णा आणि मुठीत तांदळाचे दाणे. एकेक दाणा देवीवर वाहायचा, जागचं उठायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. अक्षता पडेपर्यंत नवरीला एवढंच काम. दुपारचा मुहूर्त केव्हाच टळून गेला होता तरी माझं दाणे वाहणं चालूच होतं, कारण साहेब यायचे होते. साहेब म्हणजे नवरदेवाचे चुलते उद्धवराव ज्यांच्या मागेपुढे करायचे ते पुढारी. त्यांनी येऊन माइकवर आशीर्वाद दिल्याशिवाय अक्षता पडणार नव्हत्या. मुहूर्त गेला तर जाऊ दे, साहेब गेले तर पुन्हा सापडत नाहीत, असा तो हिशेब.

मी मान खाली घालत नव्हते, कारण मला डोंगर बघायचा होता. आमच्या डोक्यावर मे महिन्याचं रणरणतं ऊन होतं. पण पश्चिमेला बालाघाटाचा जो डोंगर रोज भुरकट दिसायचा तो दिसतच नव्हता. त्याच्या जागी काळंनिळं आभाळ जमिनीला टेकलं होतं आणि त्यात मधूनमधून विजा चमकत होत्या. आवाज मात्र येत नव्हता. इतकं लांब होतं ते.

आमचा मांडव नदीत होता. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो डोळे मोठे करतो. पण धामणवाडीत मोठं लग्न नदीतच व्हायचं. आमच्या नदीला सगळे सुकी म्हणतात, आणि ती नावाला जागून दिवाळीनंतर कोरडीठाक पडते. गावात पाचशे माणूस बसेल अशी दुसरी सपाट जागा नाही. शाळेचं पटांगण होतं, पण ते काठावर, कडुलिंबाच्या झाडांत, आणि तिथे स्टेज उठून दिसत नाही. त्यामुळे मांडव वाळूत, आचाऱ्यांच्या चुली वाळूत, पाहुण्यांच्या जीपगाड्या आणि टेम्पोही वाळूतच उभे. मुहूर्तमेढही तिथेच. उंबराची हिरवी मेढ, पुरुषभर उंच, तिला आंब्याचा डहाळा, हळदीच्या फडक्यात बांधलेला नारळ. मांडवातलं बाकी सगळं भाड्याचं असतं. मेढ तेवढी आपली असते.

त्या दिवशी सकाळी माझी हळद उतरवताना घरात टीव्ही चालू होता. उत्तरेकडून थंड हवेचा पट्टा सरकतोय, इकडच्या तापलेल्या हवेला तो भिडला की विजा आणि गारपीट होईल, डोंगराळ भागात थोड्या वेळात फार पाऊस पडेल, ओढ्यानाल्यांच्या पात्रात कुणी थांबू नये, असं त्यातली बाई सांगत होती. माझ्या करवल्या तिच्या साडीचा काठ बघत होत्या. खोटं कशाला बोलू, मीही बघत होते.

आईच्या बटव्यातला फोन वाजला. आई पाहुण्याबाईंना पाणी देत होती. बटवा माझ्या मांडीशीच ठेवला होता, म्हणून मी उचलला.

“वैजे? तूच होय गं?” कस्तूरमावशी होती, आईची थोरली बहीण. डोंगराच्या पायथ्याच्या पिंपळवंडीहून ती माझ्याच लग्नाला निघाली होती. “मी रस्त्याच्या मोरीपाशी अडकले बाई. लिंबाएवढ्या गारा पडायल्यात. मोरीवरनं पाणी चाललंय, डोळ्यादेखत एक म्हैस गेली. अक्षता पडल्या का?”

“नाही अजून.”

“मांडव कुठं घातलाय?”

“नदीत. असतोय तिथंच.”

मावशी किंचाळली, “अगं, हे पाणी तिकडंच निघालंय! ऊठ! समद्यांना उठीव!”

मी आईला सांगितलं. आईने आण्णांना बोलावलं. आण्णा म्हणजे माझे वडील, ज्ञानोबा. उभ्या आयुष्यात कुणाला अरे म्हणाले नाहीत, आणि मुलीचा बाप झाल्यापासून तर मान मोडेपर्यंत वाकायचे. ते हात जोडूनच उद्धवरावांकडे गेले. दहा-बारा हातांवर तर त्यांच्या खुर्च्या होत्या. मला सगळं ऐकू येत होतं.

“मे महिन्यात पूर?” उद्धवराव हसले आणि त्यांच्याभोवतीचे सगळे हसले. “ज्ञानोबाराव, वर बघा की. ऊन कसं पडलंय!”

“वर पिंपळवंडीला मोरी बुडालीय, पाहुणे. शाळेचं पटांगण हाय काठावर. तिथं नेऊ मांडव. सतरंज्या टाकल्या की...”

“साहेबांना नदीतला मांडव सांगितलाय. ते आले अन् बघतात तर लग्न लिंबाखाली! लोक काय म्हणतील? उद्धवनं पुतण्याचं लग्न शाळेच्या सहलीसारखं उरकलं?” मग त्यांनी आवाज खाली आणला, पण इतकाही नाही. “पोरगी घाबरट दिसतीय तुमची. सवय लागंल हळूहळू.”

आण्णा परत आले. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “साहेब फाट्यावर आलेत म्हणं. आलेच. अक्षता पडल्या की लगेच उठू.”

“पाणी साहेबांसाठी थांबणार हाय का, आण्णा?”

“हळू बोल.”

“अन् फाट्यावर तर ते मगाशीच होते!”

“वैजे,” आईने माझा दंड घट्ट धरला, “एक दिस गप बस. एकच दिस.”

तेवढ्यात वारा फिरला. इतका वेळ भट्टीतल्यासारखी गरम झळ होती. ती थांबली आणि नदीच्या वरच्या अंगाने गार वारा आला, त्याला भिजल्या मातीचा वास. मांडवाचं कापड फडफडलं. “वा, गारवा सुटला,” बायका म्हणाल्या आणि पदर सैल करून बसल्या. पाचशे माणसांच्या नाकात तो वास गेला असणार. त्यातले निम्मे तरी शेतकरी होते. भिजल्या मातीचा वास कुठून येतो हे काय त्यांना मी सांगायचं? सगळ्यांना कळलं होतं. पण पाहुण्याच्या मांडवात पहिल्यांदा उठायचं कुणी, यावर सगळं अडलं होतं.

मी उठले.

हातातले तांदूळ अन्नपूर्णेपुढे ओतले आणि सरळ स्टेजकडे चालत गेले. गौरीहरावरून नवरी उठली म्हणून बायकांत कुजबुज झाली. स्टेजवर अंगद बसला होता, माझा होणारा नवरा. बाशिंग बांधलेलं, हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. देखणा होता. साखरपुड्यात माझ्याशी दोन वाक्यं बोलला होता, तीही चांगली होती. मला तो आवडला होता हे आता सांगायला मला कसली लाज?

“वरनं पूर यायलाय,” मी म्हणाले. “तुम्ही सांगा काकांना. तुमचं ऐकतील.”

त्याने आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काका नाही ऐकत कुणाचं.”

“मग तुम्ही तरी माझं ऐका. तुम्ही उठलात की सगळे उठतील.”

तो हसला. वाईट हसला नाही, समजूत घालावी तसं हसला. “आत्ता बस जाऊन. लग्न झाल्यावर ऐकतो की तुझं. जन्मभर ऐकायचंच हाय.”

शेजारी गुरुजी पंचांग उघडून बसले होते. मी त्यांच्याकडे वळले. “गुरुजी, लग्न काठावर लावता येत नाही का?”

“मेढ इथे रोवलीय ना, बाळ,” गुरुजी अवघडून म्हणाले. “कार्य पार पडेपर्यंत मेढेची जागा सोडता येत नाही.”

“असं पोथीत लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. रीत आहे. मेढ तिथे मांडव.”

“म्हणजे मेढ जिथं जाईल तिथं मांडव?”

“हो. म्हणजे... नाही, तसं नव्हे...”

पुढचं मी ऐकलं नाही. मेढ स्टेजच्या उजव्या हाताला होती. मी तिला दोन्ही हातांनी कव घातली आणि हलवली. वाळूत रोवलेली मेढ ती, किती खोल असणार! तिसऱ्या हिसक्याला उपटून हातात आली. नारळ माझ्या कपाळावर आपटला. मी ती खांद्यावर टाकली, पातळाचा काठ कमरेला खोचला आणि काठाच्या दिशेने चालू लागले.

लाउडस्पीकरवरचं गाणं मध्येच बंद पडलं. मग एकच गलका झाला. “मेढ उपटली!” “अगं, नवरीनं मेढ उपटली!” “धरा तिला!” उद्धवरावांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आण्णा धावत सुटले. त्यांच्यामागे माझे चुलते, त्यांच्यामागे उद्धवराव फेटा सावरत, मग वऱ्हाडातले तरुण, मग बायका. म्हाताऱ्यासुद्धा नातवंडं काखेत मारून निघाल्या. पंगतीतली माणसं खरकट्या हाताने उठली, आणि आचारी झारा घेऊन पळाले, तेल कढईत तसंच कढत ठेवून. जीव वाचवायला जे उठले नाहीत ते तमाशा बघायला उठले. आपली माणसं अशीच आहेत आणि मी त्यांना ओळखते.

नदीतून वर यायला एकच गाडीवाट आहे, शाळेशेजारून. मी ती चढून वर आले तेव्हा आण्णांनी मला गाठलं. त्यांनी हात उगारला. मला त्यांनी कधी मारलं नव्हतं. हात तसाच वर राहिला.

“ठेव खाली,” ते धापा टाकत म्हणाले.

“ठेवते. पण इथं. आता मांडव इथं.”

“नाक कापलंस गं माझं!”

“कापू दे. कापल्या नाकानं जगता येतं, पण गेलेला माणूस परत येत नाही, आण्णा.”

तोवर सगळी गर्दी वर आली होती. पटांगणात, रस्त्यावर, शाळेच्या ओट्यावर माणसंच माणसं. उद्धवराव माझ्यासमोर उभे राहिले. “बघितली सगळ्यांनी? ही पोरगी माझ्या घरात यायची होती! मेढ उपटणारी! मोडलं लग्न. चला रे, गाड्या काढा. खाली चला!”

आणि त्यांची माणसं खरंच वळली. गाड्या नदीत होत्या ना!

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. इतका वेळ नुसता राग होता. मी पळत त्यांच्या पुढे गेले आणि गाडीवाटेच्या तोंडाशी मेढ आडवी धरून उभी राहिले.

“कुणी खाली जायचं नाही.”

“सरक,” उद्धवरावांचा एक भाचा म्हणाला.

“नाही सरकणार. ढकलायचं तर ढकला. हळदीच्या नवरीला ढकललं म्हणून सांगा गावोगाव.”

तो थबकला. पण मागून रेटा येत होता, आणि मेढ जड होती. एक टोक खाली जायला लागलं. तेवढ्यात ते टोक कुणीतरी उचललं. मी बघितलं तर आई. सकाळपासून मला ‘मान खाली’ म्हणणारी माझी आई मेढेचं दुसरं टोक पोटाशी धरून, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती उद्धवरावांकडे बघत होती.

“पाहुणं,” ती म्हणाली, “माझी बहीण खोटं बोलत नाही.”

एवढंच बोलली. आणि मग तो आवाज आला. आधी वाटलं वरच्या रस्त्याने ट्रक येतायत. पण तो आवाज थांबेना, वाढतच गेला. वळणावरच्या बाभळी हलल्या, आणि त्यांच्या मागून पाणी आलं. पाणी कसलं, नुसता गढूळ फेस आणि काटक्या, झाडाचे बुंधे, कडबा, कुणाच्या तरी झोपडीचा पत्रा. छातीएवढं होतं आणि पळत्या बैलाच्या वेगाने येत होतं.

“अंगद!” उद्धवराव ओरडले.

नवरदेव स्टेजवरच होता. काकांनी निघताना ‘तू हलू नको’ सांगितलं होतं, म्हणून तो हलला नव्हता. आता तो उडी मारून सुटला. एक मोजडी वाळूत राहिली, बाशिंग कानावर आलं. गाडीवाटेपर्यंत पोचायला त्याला वेळच नव्हता. तो सरळ आमच्या खालच्या दरडीला भिडला आणि ठिसूळ मातीवरून घसरू लागला. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. आईने आणि मी एकदमच मेढेचं डहाळ्याकडचं टोक त्याच्याकडे खाली सोडलं. त्याने डहाळ्याला हात घातला, तो तुटला. मग त्याने नारळाच्या गाठीच्या वर मेढ पकडली. मागून आण्णांनी माझी कंबर धरली, आणखी कुणी आण्णांना धरलं, आणि आम्ही त्याला ओढून वर घेतलं.

खाली मांडव एखाद्या छत्रीसारखा मिटला आणि गेला. खुर्च्या, पातेली, बुंदीची परात, गौरीहर, टेम्पो, जीपगाड्या, सगळं एकमेकांवर आपटत वळणापलीकडे गेलं. पाचशे माणसं काठावर उभी राहून बघत होती. मग आमच्यावरही गारा पडायला लागल्या, तेव्हा सगळे शाळेत घुसले.

शाळेच्या ओट्यावर पहिल्यांदा बोलला तो नवरदेवाकडचा एक म्हातारा. “मेढ उपटली ना,” तो म्हणाला, “म्हणून कोपली नदी.” आणि खोटं वाटेल, पण तीन-चार माना हलल्या! आमच्या गावातल्यासुद्धा!

उद्धवरावांना तेवढाच आधार पुरला. त्यांनी फेटा पिळला आणि घसा खाकरला. “झालं ते झालं, ज्ञानोबाराव. देवाच्या दयेनं माणसं वाचली. नवरा हाय, नवरी हाय, मेढ बी हाय. साहेबही आता येत नाहीत. गोरज मुहूर्तावर लावून टाकू. आम्ही मोठ्या मनानं पोरीला पदरात घेतो. तिनं फक्त मेढीपुढं नाक घासावं अन् चारचौघांत चुकले म्हणावं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अंगदकडे बघितलं. तो भिंतीला टेकून बसला होता, ओला, एका पायात मोजडी. मेढ धरून त्याचे तळहात सोलले होते.

“तुम्ही काय म्हणता?” मी त्याला विचारलं.

त्याने काकांकडे बघितलं. माझ्या काळजात तिथेच काय व्हायचं ते झालं.

“म्हणून टाक ना,” तो हळूच म्हणाला. “एका शब्दानं काय होतंय?”

“एका शब्दानं काय होतं ते मगाशी बघितलं की,” मी म्हणाले. “‘उठा’ एवढाच शब्द मागत होते तुमच्याकडं. तो तुम्हाला बोलता आला नाही. आता माझा शब्द तुम्हाला मिळणार नाही.”

मी मुंडावळ्या सोडल्या आणि त्याच्याशेजारी ओट्यावर ठेवल्या. रडले नाही. रडू घरी जाऊन आलं, पोटभर आलं, पण तिथे नाही.

उद्धवराव आण्णांकडे वळले. “ज्ञानोबाराव, समजवा पोरीला. पुन्हा दारात येणार नाही आम्ही.”

आण्णा हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, आता वाकतील. ते वाकले नाहीत.

“पाहुणे,” ते म्हणाले, “जेवण तर वाहून गेलं. चहा ठेवायला सांगतो. तेवढा घेऊन निघा.”

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. आण्णा गेले. मी तालुक्याला जाऊन नर्सिंग शिकले आणि आता गावच्याच उपकेंद्रात असते. त्यानंतर स्थळं आली नाहीत असं नाही. पण प्रत्येकजण ओटीवर बसल्या बसल्या विचारायचा, “ती मेढवाली हीच का?” आणि आई बोलायच्या आत मीच आतून सांगायचे, “हो, तीच!” मग चहा पिऊन ते निघून जायचे. माझं काही अडलं नाही. ‘मेढवाली’ ही शिवी आहे असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू दे.

गावाने नदीतलं लग्न सोडलं नाही. सोडणार कसं, स्टेज तिथेच उठून दिसतं! पण मेढ मात्र त्या सालापासून कुणीही नदीत रोवली नाही. ती काठावर, शाळेपाशी रोवतात. आणि मेढ तिथे मांडव, म्हणून अक्षताही आता तिथेच पडतात. खाली उरल्या त्या फक्त पंगती आणि भाषणं, आणि आभाळ काळं दिसलं की तेही वर येतं. कुणी का म्हणून विचारत नाही.

यंदाच्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मेढेचा खड्डा खणून झाला होता. गुरुजींचा मुलगा आता गुरुजी झालाय. त्याने सगळ्यांना सांगितलं, “मेढ काठावरच रोवायची. आपल्याकडे पहिल्यापासून रीत आहे.”

“पहिल्यापासून?” मी विचारलं.

“हो मग, आत्या. वाडवडिलांपासून.”

डोंगराकडे आभाळ भरून आलं होतं. पाच सवाष्णी मेढेला हळदकुंकू लावून ती उचलायला पुढे झाल्या. मीही हात पुढे केला, तेव्हा माझी भावजय चुळबुळली. गुरुजींच्या मुलाने मान खाली घातली. “आत्या,” तो अगदी अदबीने म्हणाला, “तुम्ही जरा बाजूला व्हाल? लग्न न झालेल्या बाईने मेढेला हात लावायचा नसतो. रीत आहे.”

“रीत मला ठाऊक आहे, बाळ,” मी म्हणाले. “ती मीच घातलीय.”

आणि मी मेढ दोन्ही हातांनी कवळून खड्ड्यात उभी केली, आणि तिच्या बुडाशी पायाने माती दाबली. चांगली घट्ट. एका माणसाला उपटता येईल इतकीच.